पाव माझे, फोटो त्याचा

मी, निवृत्त जनरल, वय एक्क्याऐंशी, राहणार चढावरचे पिवळे घर, हे माझे पहिले व अखेरचे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. पत्नी शेजारच्या खोलीतून सूचना करते आहे, पण त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत.

कलम १. घर, सामान व बँकेतील शिल्लक माझ्या पश्चात पत्नीला आणि तिच्यानंतर मुलीला मिळावी. अपवाद एकच, बैठकीच्या खोलीतला फोटो. तो नष्ट करावा. पत्नीचे म्हणणे, "अहो, तुम्हीही आहात ना त्यात." आहे. मागे ट्रकपाशी, पाठमोरा.

कलम २. कारण नोंदवून ठेवणे भाग आहे. युद्धात नदीकाठचे ते शहर घ्यायला आम्हा दोन जनरलना दोन रस्त्यांनी धाडले होते. सैनिक दुसऱ्याला दादा म्हणत आणि मला हेडमास्तर. आमचे सगळे युद्धशास्त्र यात आले. तो आदेश असा देतच नसे. उघड्या जीपमध्ये उभा राहायचा, "संध्याकाळी पुलापलीकडे भेटू रे" म्हणायचा आणि निघायचा. पोरे मागे धावत सुटायची. मी मुक्कामाला बूट काढायला लावून एकेकाचे पाय तपासायचो, दिलेला आदेश परत म्हणून घ्यायचो, आणि पाण्याची सोय झाल्याशिवाय कोणाला हलू द्यायचो नाही. मी पाय बघायचो म्हणून सैनिक माझी नक्कल करायचे, तेही मला ठाऊक आहे.

तो माझ्याआधी पोहोचला. त्याची रसद मात्र मागेच राहिली, कारण तिला कोणी भेटायला बोलावलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी माझे ट्रक शहरात शिरले, तेव्हा त्याची माणसे चौकात उपाशी बसली होती. माझे पाव त्यांना वाटले गेले. वाटले त्याने, आणि नेमका तेव्हाच छायाचित्रकार आला. बैठकीतला फोटो तो हाच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पुढे त्याचा पुतळा झाला. माझ्या बाजूला विधवा कमी झाल्या, पण जी बाई विधवा झालीच नाही, ती आभार मानायला कशाला येईल? तिला ठाऊकच नसते. हे सारे मी पोटदुखीने लिहितो आहे असे वाचणाऱ्याला वाटेल. बरोबर वाटेल.

कलम ३. गाडी माझ्या ड्रायव्हरला द्यावी. तो युद्धभर माझ्यासोबत होता. तरी त्याच्या घरात फोटो दादाचा. मी एकदा जाब विचारला, तर म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळे जगलो. पण त्यांच्यासाठी मेलो असतो." ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही. गाडीचे टायर नवे आहेत.

कलम ४. नकाशे आणि दुर्बीण सैनिकी शाळेला द्यावी. दादाची टोपी ज्या कपाटात आहे, त्यात ठेवू नये.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला दादाने बोलू नये. आला तर हरकत नाही, मागे उभा राहावा. बोलला तर तो सुंदर बोलेल, मला थोर म्हणेल, आणि त्याच्या मोठ्या मनाने गहिवरून लोक घरी जातील. एवढा एक दिवस तरी माझा असावा.

कलम ६. (सह्यांच्या वेळी वाढवले.) माझी सही ओळखणारे, पण या मृत्युपत्रातून काही न मिळणारे बाकीचे सगळे गेले, म्हणून वकिलांच्या आग्रहाखातर साक्षीदार म्हणून दादालाच बोलवावे लागले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्याने चष्मा लावून सगळा वाचला.

"मान्य," तो म्हणाला. "पण माझ्या मृत्युपत्रात उलटं लिहिलंय. माझ्या वेळी फक्त मास्तर बोलेल, दुसरं कुणी नाही."

"का?"

"बाकीचे फोटोबद्दल बोलतील. पाव कुणाचे होते ते तूच सांगशील. माझ्याच्यानं नाही रे झालं. लोक तसे बघायचे ना, ते आवडायचं मला."

कलम ५ खोडायचे का, असे वकिलांनी विचारले. खोडू नये. मोठेपणातही तो माझ्या पुढे निघून गेला, याचा मला मनापासून राग आहे. आता मला त्याच्यानंतर मरणे भाग आहे, आणि त्याची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. उद्यापासून मी बिनसाखरेचा चहा पिणार आहे.

लिहून देणार: निवृत्त जनरल (सही)
साक्षीदार १: दादा (सही, चौकटीबाहेर गेली आहे)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)
स्थळ: राहते घर, वरची खोली
दिनांक: अठरा फेब्रुवारी