पेटीवरचं नाव

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. माझ्या लग्नासाठी तुम्ही शिवणीच्या लाकडाची पेटी केली होती. तिच्या दर्शनी फळीवर मी तुमचीच पटाशी घेऊन, चोरून, माझं नाव कोरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ते तुम्हाला दिसलं. अंगणात मांडव घालणारी माणसं उभी आहेत, आई चुलीपाशी लाडू वळतेय, आणि तुम्ही रंधा हातात घेता. "परक्याच्या धनावर आपलं नाव घालतात का गं? नाव सासरी मिळेल." माणसं हसली. ढलप्यांबरोबर माझं नाव खाली पडलं, आईने ते सुपलीत भरून चुलीत घातलं. सासरी ताटातल्या तांदळात दुसरंच नाव लिहिलं गेलं. तुमच्यामागे मला पहिल्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

आता मी अमेरिकेत, ईडन प्रेरीत, मुलाकडे असते. शेजारची म्हातारी मूळची नॉर्वेच्या घराण्यातली. तिच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, नुसतं जुनं लाकूड: एकाच ओंडक्यातून कोरलेली पाठीची खुर्ची, वेलबुट्टीचं निळं कपाट, आणि पेट्या. हौशी लोक लांबून ड्राइव्ह करत येतात, पेट्यांसाठी तिच्या मिनतवाऱ्या करतात. रंगाचे टवके उडालेले असले तरी पॉलिशला हात लावायचा नाही. जुना रंग पुसला की पेटी मेली, असं तिचं म्हणणं. प्रत्येक पेटीवर ठसठशीत अक्षरांत मुलीचं नाव. सासरचं नव्हे, जन्माचं. सोबत आलेली माझी नात एका पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, या पेटीवालीची दोन लग्नं झाली, बट पेटी तिच्याच नावाची राहिली." मी म्हटलं, विचार तिला, मला शिकवेल का.

दोन हजार पाचचा अख्खा हिवाळा म्हातारीने मला ब्रश धरायला शिकवलं. तिने दिलेली नवी, कोरी पेटी रंगली, नावाची वेळ आली. नात सांगते, "आजी, ती म्हणतेय, आधी तुझं नाव, मग वडिलांचं, मग 'ची मुलगी'. तशीच पद्धत आहे." बघा, साता समुद्रापलीकडेही तुमची सोय आधीच लागलेली! मी माझं पहिलं नाव लिहिलं, मध्ये हातभर जागा कोरी सोडली, आणि पुढे लिहिलं, 'ची मुलगी'.

म्हातारी कळवळली. "आजी, ती म्हणतेय, लोकांना वाटेल इथला रंग उडालाय."

"सांग तिला, उडाला नाही. रंध्याने काढलाय."

नात हसली. म्हातारी हसली नाही. माझ्या हातातला ब्रश घेऊन धुवायला गेली.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही, अप्पा. शेवटी लेक तुमचीच. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं; तुम्ही "येडी कुठची" म्हणून मोकळे झाला असता. एक मात्र कबूल करते. त्या दिवशी घरी येऊन साजूक तुपातला शिरा केला. देवाला दाखवला नाही, तुमच्या नावाने काढून ठेवला नाही, नातीलाही "थांब" म्हटलं. ओट्याशी उभ्यानेच पहिला घास मी खाल्ला. फार गोड लागला.