समोरच्या अंगणातली पाटी

लार्किन, मिसिसिपी
१४ डिसेंबर १९८३

थॅडियस बाळा,

तुझ्या ओराडेल आजीचे तोंडभर आशीर्वाद. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. लिहून घेतेय ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी व्हर्लीन. मी बोलते तसंच लिही, असं तिला बजावलंय.

इथल्या कॉलेजने तुला फुटबॉलचा मुख्य कोच म्हणून बोलावलंय, आणि तू मला विचारतोस, आधीचे का टिकले नाहीत? अरे, कोचचं घर माझ्या ओसरीसमोर, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार! पण आधी तू सांग, ओहायोतल्या थंडीत तुझ्या संघातली पोरं पळतात तरी कशी? आणि परवा फोन उचलला ती कोण?

तर प्रुइट. त्याला एकच डाव ठाऊक. चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या गड्यांच्या भिंतीत घुसायचं. जुने विद्यार्थी जमतात तो सामना हरला, की गावाची रीत तू जाणतोसच. सकाळी कोचच्या अंगणात पाटी, 'घर विकणे आहे'. घर कॉलेजचं, विकायला काढतं गाव! मला अक्षर वाचता येत नाही, म्हणून रस्ता ओलांडून विचारलं, "कोच, काय लिहिलंय हो?"

"मिस ओराडेल, लिहिलंय, मोजे इथे वाळवा." आणि खरंच ओले मोजे टाकले की तिच्यावर! पुढे कितीतरी हंगाम टिकला.

मग गेन्झ. चेंडूला लाथ मारण्याआधी गुडघे टेकून प्रार्थना. देव ऐकत असेल, पंच घड्याळ बघायचा. त्याला पाटीवर 'देवाची इच्छा' दिसली. दुपारी सामान ट्रकमध्ये.

नंतर तुझा बाप. लुशियसलाही मी तेच विचारलं, वाटलं हसेल. म्हणाला, "आई, लिहिलंय, जा." आणि गेला. तुला न सांगता, तू शाळेत असताना.

त्याच्यामागून आले ते आणखी लवकर पळाले. पाटी तीच, ती रोवायचा खड्डाही तोच.

बाप मोडला तिथे मी उभा राहू का, असं तू विचारलं नाहीस. पण पत्रभर तेच आहे. मी दोनदा वाचून घेतलं.

बाकी, हल्ली माझी बिस्किटं उरत नाहीत. कॉफीही लवकर संपते.

व्हर्लीनने पेन खाली ठेवलंय. "सांगून टाका ना आता!" म्हणते.

"तुला लिहायला बसवलंय की उपदेशाला?"

बरं. तुझा बाप आलाय. थँक्सगिव्हिंगच्या सणापासून माझ्या मागच्या खोलीत आहे. तुला बोलावल्याचं त्याने पेपरात वाचलं. फोन कर म्हटलं, तर म्हणतो, "तो बोलेल का माझ्याशी?" मलाही तेच जाणून घ्यायचंय. बोलशील का रे?

नोकरी घे नाहीतर सोड, ती तुझी मर्जी. पाटी लागायची तेव्हा लागेल, तुझ्याकडे मोजे आहेत.

समोरचं घर रिकामं आहे. तुझा बाप सकाळपासून फावडं घेऊन त्या अंगणात आहे. पाटीचा खड्डा बुजवतोय. मी ओसरीवरून ओरडले, "कुणासाठी रे?" तो पायाने माती दाबत राहिला.

त्या प्रश्नाचं उत्तर तूच येऊन दे.

वाट बघणारी,
तुझी ओराडेल आजी

(नाव व्हर्लीनने लिहिलंय. खालची फुली माझ्या हातची.)

✗