पडद्याच्या आतली बाजू

अव्वा, आपल्या घरात पुन्हा एकदा टीव्हीवरून खल चाललाय. या खेपेला खल करणारा मी एकटाच आहे, म्हणून जरा लांबलाय. तुझी नात, माझी लेक, हैदराबादेहून रोज फोन करते. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून तिला वाटतं की पप्पा शाळेतनं आले की भिंतीकडं बघत बसतात. खरं सांगायचं तर बसतो. "मोठा टीव्ही तरी घ्या, पंचाहत्तर इंची. नाहीतर प्रोजेक्टर लावा, भिंतभर सिनेमा दिसतो," असं सांगून ती मोकळी झाली. दोन्हीतलं काय घ्यायचं ते माझ्यावर सोडलं. तुला ठाऊकच आहे, मला साधा चपलांचा जोड निवडायला दोन दुकानं लागतात.

उमरग्याला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, मेंदी लावलेली दाढी, बोलायला मोकळा. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, बघणार किती जण?" मी बेधडक थाप मारली, "असतात सहा-सात." आता शाळेतला क्लार्क, जन्मभर दाखल्यांवर खरं लिहून दिलेला माणूस, आणि टीव्हीच्या दुकानात खोटं बोलतोय! त्या भल्या माणसानं लगेच सहा-सात जणांचा हिशोब धरला. "मग टीव्हीच घ्या. प्रोजेक्टरला अंधार लागतोय. दिवसा एक खिडकी उघडी ऱ्हायली की समदं धुरकट. टीव्ही भर दुपारी बी चकाचक. फकस्त दार किती रुंद हाय ते सांगा, ह्याचं खोकं आडवं करता येत न्हाय." दाराची रुंदी मला सांगता येईना. चोपन्न वर्षं त्या दारातनं ये-जा करतोय. तो म्हणाला, उद्या तुमच्या मुरुम गावात येणारच आहे, घर बघून जातो.

दार म्हटल्यावर मला आपलं जुनं मधलं दार आठवलं. अप्पांनी सोलापुरातनं तो लाकडी पेटीचा टीव्ही आणला, गल्लीतला पहिला, तेव्हा अप्पांचं एकच म्हणणं होतं की ही काय एकट्यानं बघायची वस्तू नव्हे. रविवारी संध्याकाळी आम्ही टेबल उचलून मधल्या दारात ठेवायचो आणि टीव्हीचं तोंड बाहेर करायचो. ओसरीवर बाया, अंगणात गडीमाणसं, पोरं उंबऱ्याला चिकटलेली. दार टेबलानं अडलेलं, आणि त्या टेबलामागं तू, स्टोव्ह आणि चहाचं पातेलं. चहा बाहेर द्यायचा तर तू परसदारानं निघायचीस, बोळातनं वळसा घालून यायचीस, पातेलं पदरानं धरून. तुझ्या बाजूनं टीव्ही म्हणजे नुसती तपकिरी पाठ, भोकं पाडलेली, आत कुठंतरी मिणमिणता उजेड. त्या पाठीकडं बघत तू किती रविवार काढलेस, कोण जाणे.

तू सिनेमा कानानं बघायचीस. "त्यो थोरला भाऊ लबाड हाय बघ," असं आतनं ओरडून सांगायचीस, आणि शेवटाला तो लबाडच निघायचा. बाहेर बसलेल्या बाया तोंडात बोट घालायच्या. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मला विचारायचीस, "लग्नात तिची साडी कसली होती रे?" मी म्हणायचो, करडी. "आन् नवऱ्याचा फेटा?" करडा. "आग लागो त्या टीव्हीला, समदंच करडं!" म्हणून पीठभरल्या हातानं तोंड झाकून हसायचीस. मी त्या वेळी नववीत होतो आणि मला तुझे प्रश्न म्हणजे कटकट वाटायची.

दुकानदार दुसऱ्या दिवशी खरंच आला. टेप काढून सगळीकडं फिरला. मधली भिंत तू गेल्यावर पाडली, तुझ्या सुनेची हौस. आता जुन्या ओसरीची झालेली बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नऊ फूट मोकळं आहे. राहिलेल्या भिंतींत एकीला खिडकी, एकीला कपाट, एकीत देवाचा कोनाडा. "साहेब, तुमच्याकडं टीव्हीला भिंतच न्हाय की," तो म्हणाला. "हितं मधी पडदा सोडावा लागंल. पण मग आत सैपाक करणारी..." बोलता बोलता त्याची नजर ओट्यावर गेली. एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. सहा-सात जणांचं खोटं तिथंच उघडं पडलं. त्यानं ते दाखवलं नाही, नुसतं हळू विचारलं, "आत कोन असतंय?"

मी म्हणालो, "आता कोणी नाही. पूर्वी आमची आई, अव्वा असायची. तिला टीव्हीची आवडच नव्हती."

तो टेप गुंडाळत म्हणाला, "पडदा पातळ घेतला तर आतनं बी दिसतंय बघा. उलटं दिसतंय, पन दिसतंय. जत्रंत तंबूचा सिनेमा यायचा, तवा आमच्या अम्मी पडद्यामागंच बसायच्या. टीव्हीच्या मागं बसून काय दिसनार, धूळ!" तो मनापासून हसला. मला काही हसू आलं नाही. मी त्याला चहा विचारला आणि तो करायला आत गेलो, तर साखर सापडेना.

अव्वा, एक रविवार तुला आठवत असेल. नसेल आठवत तर बरं, पण असणारच. आमचे वर्गशिक्षक पहिल्यांदाच आपल्याकडं सिनेमा बघायला आले होते. मी फुगलो होतो नुसता. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, उशी ठेवली. त्या दिवशी तू सगळा स्वयंपाक दुपारीच उरकला होतास. सिनेमा सुरू झाल्यावर तू बोळातनं आलीस. तोंड धुतलेलं, कपाळावर विभूती, अंगावर नवं इरकल लुगडं. येऊन बायांच्या कडेला, चटईच्या टोकावर बसलीस, गुडघे पोटाशी घेऊन. सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "तू कशाला आलीस इथं? आत जा. सरांना चहा कोण देणार?" दोघी-चौघी हसल्या. तूही हसलीस. "व्हय की रं, इसरलेच म्या," म्हणालीस आणि उठलीस. थोड्या वेळानं चहा आला. चांगला झाला होता, सरांनी दुसऱ्यांदा मागितला.

त्यानंतर तू कधीच बाहेर येऊन बसली नाहीस. पहिल्या पगारावर मी रंगीत टीव्ही घेतला, तुझा हात धरून समोर बसवायला बघितलं, तर म्हणालीस, "साकू. मला हितनं ऐकू येतंय की." साकू, पुरे. कानडीत बोललीस की विषय संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी अजून एकदा म्हणायला हवं होतं. शंभरदा म्हणायला हवं होतं.

मी प्रोजेक्टर घेतला. दुकानदारानं काळ्या अस्तराचा जाड पडदा दाखवला, त्यातनं पलीकडं काही दिसत नाही. मी म्हणालो, नको, पातळ मांजरपाट आणतो. त्याला मी चिक्कू वाटलो असणार. नऊ फुटी मांजरपाट शिवून घेतलं, दांडीत ओवलं, आणि गल्लीत सांगून आलो की रविवारी सिनेमा आहे, या. दोन किलो भडंग केलं, हावरटासारखं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्यात पाव्हणे हायत हो भाऊजी." समोरचे दोघे आले, दहा मिनिटं वाहवा केली, मग एकाचा फोन वाजला आणि दोघंही गेले. कुणाचा दोष नाही. प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा आहे. पण अंगणाकडं बघवेना.

मध्यंतर माझ्यापुरतंच केलं आणि चहा टाकायला आत आलो. आत दिवा लावला की चित्र पुसलं जातं, म्हणून गॅसच्या उजेडात उभा राहिलो. मान वर केली तर पडद्यावर आतूनही सिनेमा चालू. नवरी डाव्या हातानं घास भरवत होती, पाटीवरची अक्षरं उलटी, पण साडी स्पष्ट दिसत होती. लाल होती, अव्वा. हिरव्या काठाची. चहा उतू गेला तरी मी तिथंच उभा. आता रोज आतल्या बाजूलाच बसतो. लेकीला फोनवर सांगतो, घर भरलेलं असतं.

हे कागद प्रोजेक्टरच्या खोक्यात ठेवून माळ्यावर टाकणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवणार? तू गेलीस तेव्हा भेटायला आलेल्या एकेकाला मी सांगितलं, पोरीला सांगितलं, परवा त्या दुकानदारालाही सांगितलं की आमच्या अव्वाला टीव्हीची आवड नव्हती. होती. तू नवं लुगडं नेसून आली होतीस. मी बघितलं होतं.