सोनामुखीच्या डब्यावरची चिठ्ठी

अब्बा,

तुमच्या एका डब्यापायी मला अटक झाली होती. घाबरू नका, सुटलोय. दुकान उघडं आहे आणि तुमची सून अजून मला हसते आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं उलटली, एवढ्या काळात तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं मला कधी सुचलं नाही. पण ही गोष्ट तुम्हालाच सांगायला हवी, कारण तिच्यात निम्मी चूक तुमची आहे, असं मी बरेच तास समजून चाललो होतो.

आपलं अत्तारीचं दुकान होतं तसंच आहे. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, मुरडशेंग, सगळे पत्र्याचे डबे त्याच फळ्यांवर, आणि प्रत्येकावर तुमच्या हातची उर्दू चिठ्ठी. मी दहा वर्षांचा असतानाची ती दुपार मला नीट आठवते. तुम्ही नमाजाला गेलेले. मला वाटतं, आज अब्बाला खूश करू, म्हणून मी ओलं फडकं घेऊन डबे पुसायला बसतो. ओव्याच्या डब्यावरची शाई पसरते, चिठ्ठी लोंबायला लागते, आणि नेमके तुम्ही दारात. तुम्ही मारलं नाहीत. डबा माझ्या हातातून काढून घेतलात आणि म्हणालात, "चिठ्ठी को हात लगाना नै. तेरेकू माल बदलना है बदल, चिठ्ठी मैं देखता." मी दिवसभर रडलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ते छोटं पितळी तागडं दिलंत आणि सांगितलंत, आजपासून ओवा तू मोजायचा. ते तागडं अजून गल्ल्याजवळ आहे. चिठ्ठ्यांना मात्र मी त्यानंतर कधी बोट लावलं नाही.

वरच्या फळीवरचा कोपऱ्यातला डबा गांजाचा, हे मला तेव्हापासून पाठ. त्या काळी तुमच्याकडे परवाना होता, गावोगावचे वैद्य औषधाला म्हणून चिमूट चिमूट न्यायचे, आणि आम्हा पोरांना त्या बाजूच्या स्टुलावर चढायला बंदी होती. पुढे कायदा बदलला. तुम्ही एक दिवस कापडी पिशवी घेऊन हिंगोलीला गेलात, आणि परत आल्यावर त्या डब्यात सोनामुखीचा पाला भरलात. तेव्हापासून ज्याचं पोट अडलं त्याला मी त्याच डब्यातून सोनामुखी देतो. पण माझ्या डोक्यात डब्याचं नाव गांजाच राहिलं.

मागच्या हिवाळ्यात, भर बाजाराच्या दिवशी, पोलीस आले. अत्तार नशेचा माल विकतो असं कुणीतरी कळवलं होतं. साहेब नवीन होते, दुसऱ्या भागातून आलेले, पण माणूस सभ्य. एकेक डबा उघडून बघत होते, आणि मी स्वतः स्टूल धरून उभा. कोपऱ्यातला डबा खाली आला. साहेबांनी विचारलं, यात काय? म्हटलं, सोनामुखी. मग त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?"

अब्बा, तुमचं अक्षर वाचून दाखव असं मला कितीतरी वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. निम्मा बाजार दारात गोळा झालेला. मी चष्मा चढवला, अक्षराखाली बोट फिरवलं आणि शाळेत कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात वाचलं, "गांजा." एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. वर अभिमानानं सांगितलं, "माझ्या वडलांचं अक्षर आहे साहेब."

झालं. पंचनाम्यात लिहिलं गेलं की आरोपीनं लेबल स्वतः वाचून दाखवलं. आतला पाला सोनामुखी आहे असं मी दहा वेळा सांगितलं, पण चोरानं आपल्याच तोंडानं कबूल केल्यावर कोण ऐकतो? एका शिपायानं तेवढी दखल घेतली. त्यानं चांगला मूठभर पाला चघळून बघितला आणि म्हणाला, "नशा तर काही होऊन न्हाई राहिली साहेब." साहेबांनी त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या कोर्टात उभा राहिलो. शिक्षा झाली तर तुरुंग होताच, पण त्याहून मोठी भीती दुकानाची होती. तुमच्या वेळेपासून बाया लेकरांसाठी बाळगुटी आपल्याकडून नेतात. गांजावाला असा शिक्का बसला तर कोण आई लेकराच्या तोंडात आपला माल घालील? न्यायाधीशांनी विचारलं, वकील कोण? मी हात जोडून म्हटलं, "वकील कशाला साहेब, मी खरंच बोलणार आहे." सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशही. ते म्हणाले, खरं बोलणाऱ्यालाही वकील लागतो, तुम्हाला सरकारकडून फुकट मिळेल.

मिळाली ती कनेरगाव नाक्याकडच्या शेतकऱ्याची पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मला व्हरांड्यात बाकावर बसवलं. शेजारी पहाऱ्याला तोच पाला खाणारा शिपाई.

"काका, तुमी वाचून काहून दाखवलं?"

"साहेबांनी विचारलं म्हणून."

"ईचारलं तं ईचारलं. आपल्याच इरुद्ध बोलायची कोणावर सक्ती न्हाई. आता मला ईचारल्याबिगर एक शब्द बोलायचा न्हाई. अन् सही करायच्या आधी कागद वाचून घ्यायचा, बराबर?"

तेवढ्यात शिपाई घाईघाईनं उठला आणि दुसऱ्याला पहाऱ्यावर बसवून गेला. सकाळपासूनची ती त्याची चौथी फेरी होती. वकीलबाई त्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "पाला कशाचा हाय ते प्रयोगशाळा सांगंल तेव्हा सांगंल. ह्यांच्या पोटानं आधीच सांगितलंय." मग त्यांनी फाइलमधला डब्याचा फोटो माझ्यापुढे धरला. "पण काका, चिठ्ठीवर तं तीन ओळी हायेत. गांजा ह्या एका शब्दाला तीन ओळी कशा?"

मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनीच सांगितलं होतं, बोलायचं नाही.

कोर्टाच्या आवारात एक म्हातारे मास्तर बसतात. निजामाच्या वेळचे जमिनीचे उर्दू कागद मराठीत करून देतात. बाईंनी त्यांना बोलावलं. त्यांनी फोटो डोळ्याजवळ नेला, दूर धरला, आणि सावकाश मराठीत सांगायला लागले. "सना, म्हणजे सोनामुखी. आधी यात गांजा होता, तो सरकारात जमा केला. डबा सात पाण्यांनी धुतला आहे, माझ्यामागे पोराला तकलीफ नको."

मी त्या बाकावर हमसून हमसून रडलो, अब्बा. चिठ्ठी मी बघतो म्हणाला होतात, आणि खरंच बघितली होतीत. इतकी वर्षं तुमचा निरोप माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता, मी रोज त्याच्याखाली बसून ओवा मोजत होतो, आणि तो मला वाचून दाखवायला तुरुंगाचं दार लागलं. वकीलबाईंनी मास्तरांकडून फोटो परत घेतला. मग हळूच म्हणाल्या, "काका, तुमाला उर्दू येतच न्हाई ना?"

मास्तरांचं भाषांतर त्यांनी कोर्टापुढे ठेवलं. त्याच दिवशी जामीन झाला. पुढे तपासणीचा अहवालही सोनामुखीचाच आला आणि प्रकरण मिटलं. डबा परत द्यायला साहेब स्वतः आले, आणि जाताना हसत हसत त्या शिपायासाठी पोट थांबायचं काही आहे का विचारून गेले. बाजारात आता लोक मुद्दाम दुकानाशी थांबतात आणि म्हणतात, "अत्तार, जरा वाचून दाखवा की!" बाळगुटी पूर्वीसारखीच खपते.

तर माझी चूक ही. दर शुक्रवारी तुम्ही मला उर्दू शिकायला धाडायचात आणि मी चिंचा पाडायला जायचो. संध्याकाळी तुम्ही डब्यांकडे बोट करायचात, मी जागेवरून नावं घडाघडा सांगायचो, आणि तुम्ही समाधानानं मान हलवायचात. ते वाचन नव्हतं, नुसतं पाठांतर होतं.

आता मी त्या मास्तरांकडे शिकायला जातो. दर शुक्रवारी जीपनं हिंगोली. सहा डबे स्वतः वाचून झाले. पाचांवर नुसती नावं आहेत, बडीशेपेच्या डब्यावर नावाखाली "पोराला आवडते" असं लिहिलंय. बाकीचे मास्तरांकडून एका बैठकीत वाचून घेता येतील, पण मला ते नको आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला उर्दूत एवढं लिहिता येत नाही, म्हणून हा कागद सोनामुखीच्या डब्यातच ठेवून देतो.

आणि आज शुक्रवार आहे, अब्बा. हे लिहायला बसलो आणि शिकवणीला दांडी मारली.