दारांचं काम संपेपर्यंत

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्याकडे कायमचं राहायला यायचं कबूल केलंय, ते विसरलेलो नाही. पण तुझी भावजय गेल्यापासून या घराकडे कुणी बघितलेलंच नाही. रंगावर रंग चढून चारही दारं फुगलीत, चौकटीत बसत नाहीत. असं घर भाडेकरूच्या हाती कसं द्यायचं? म्हणून सगळा रंग काढून खालचं लाकूड पॉलिश करायला घेतलंय. तेवढं झालं की आलोच.

पुढचं दार बिजागऱ्यांतून काढून दोन स्टुलांवर आडवं टाकलंय. रिमूव्हर लावला की रंगाला सुरकुत्या पडतात, मग तो लोखंडी पत्रीने खरवडायचा. नक्षीच्या खाचांतला रंग मात्र भलताच चिवट आहे. तिथे माझी दुकानातली बारीक हत्यारं चालवतो. जन्मभर घड्याळं उघडली, ते असं कामी आलं. वास उग्र असतो, पण खिडक्या उघड्या ठेवतो, काळजी नसावी.

लोभ आहेच, त्याला थोडा धीरही धरायला सांग.

तुझा
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

डोळ्याला भिंग लावून दाराच्या खाचा कोरत बसलेला तू डोळ्यांसमोर आलास आणि मी एकटीच हसत सुटले. अरे, दार आहे ते, मनगटावर बांधायचं नाहीये.

तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीय. तुला उकडतं म्हणून पलंग खिडकीशी लावून घेतला. फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून लिहून विचारते, नक्की कधी येतोस?

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे म्हणून कटकट आहे.

तुझी
अक्का


१२ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पुढचं दार झालं. कापडाच्या बोळ्याने पॉलिशचे हात मारले आणि लाकडाच्या रेषा अशा उठून आल्या की बघत राहावं. पण अजून तीन दारं व्हायचीत. घाई केली तर लाकडावर ओरखडे राहतात, आणि तुला माझा स्वभाव माहीत आहे. उन्हाळा संपेल असं वाटतं.

खोलीची फार तयारी करू नकोस. लोभ ठेव, तारीख विचारू नकोस.

तुझा
धाकटा


२८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या शेजारच्या नर्सबाई कामानिमित्त इथे आल्या होत्या. तुझं कौतुक करायला बसल्या आणि तुझं बिंग फोडून गेल्या. चारही दारं मार्चच्या आधीच झाली म्हणे, गल्ली बघायला लोटली होती. मग तू त्या चकचकीत पुढच्या दारावर पुन्हा हिरवा ऑइलपेंट फासलास, आणि आता तो खरवडत बसलायस!

मी पोट धरून हसले. नंतर रडू आलं. यायचं नव्हतं तर सांगायचंस रे.

आता माझंही ऐक. तू एकटा पडलास म्हणून मी बोलावते, असं तुला वाटतं. मीही वाटू दिलं, थोरली ना मी. पण तसं नाहीये. तुझे भावोजी गेले, लेक तिच्या संसारात लांब. दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला जावं तर घशातून आवाज फुटत नाही. मला सोबत हवी आहे, आणि ती तुझी हवी आहे. नाही म्हणालास तरी रागावणार नाही. फक्त दारांचं निमित्त सांगू नकोस.

लोभ तसाच राहील, आलास तरी, न आलास तरी.

तुझी
अक्का


४ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं. आधी नर्सबाईंचा राग आला, मग माझा. मला भीती वाटत होती गं. या वयात तुझ्या घरात मी ओझं होईन, तू माझं करता करता दमशील, हेच डोक्यात. तुलाच कुणीतरी हवं असेल, हे एकदाही सुचलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. सुताराला बोलावून पुढचं दार काल चौकटीत बसवून घेतलं. वरचा अर्धा भाग हिरवाच आहे, खाली कोरं लाकूड. सुतार म्हणाला, "काका, दोन दिवस थांबा की, पुरं करून जा." भाडेकरूही तोंड वाकडं करून गेला. जन्मात मी कुणाचं घड्याळ अर्धवट उघडं टाकलं नाही, अक्का. हे दार टाकून येतोय.

उरलेला लोभ समोर बसून.

तुझा
धाकटा