बाबांची अठ्ठावन्नची लेन्स

४ एप्रिल

पोचले एकदाची! सहा तास बसमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण सामानातला एकही कॅमेरा आपटला नाही, म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

स्टँडवर गंमतच झाली. ताईला शोधत मी चांगली पाच मिनिटं इकडंतिकडं बघत होते आणि ती माझ्या पुढ्यात हातभर अंतरावर उभी! तिनं बाही ओढली तेव्हा कळलं. डोळे आहेत की कोटाची बटणं, म्हणाली. मग गळ्यात पडली ती बराच वेळ सोडेचना. दोन वर्षांनी भेटतोय. फार उतरलीय, रंग गेलेल्या कापडासारखी दिसते. एकटीनं स्टुडिओ रेटायचा म्हणजे खायचं काम नाही. आता मी आलेय.

आई गेली तेव्हा मी अकराची, ताई एकोणीसची. बाबा त्याच्या आधीच, मी सहा वर्षांची असताना, एका दुपारी चपलासुद्धा न घालता निघून गेले ते गेलेच. माझ्या वेण्या, माझी शाळा, माझा पहिला कॅमेरा, सगळं ताईनं केलं. तिनं 'ये, आपण दोघी मिळून चालवू' असं लिहिलं आणि मी आठवड्यात नोकरी सोडून मोकळी.

खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या. माझी रस्त्याकडची, समोर न्हाव्याचं दुकान, त्याचे तिन्ही आरसे माझ्या खिडकीतून दिसतात. खाली कॉम्प्युटरवर रंगारी काका बसतात. पूर्वी ते काळ्यापांढऱ्या फोटोंवर हातानं रंग चढवायचे, म्हणून हे नाव. आता लोकांच्या तोंडावरचे फोड पुसतात. म्हणाले, आधी गाल लाल करायचे पैसे मिळत, आता लाली काढायचे मिळतात, माणसं तीच.

५ एप्रिल

आज मला खजिना मिळाला. शोकेसच्या वरच्या फळीवर बाबांची जुनी लेन्स! अठ्ठावन्न मिलिमीटर, सगळी धातूची, वजनाला खलबत्त्यासारखी. ताईला ती घरच्या जुन्या पेटीत सापडली म्हणे. माझा नवा डिजिटल कॅमेरा या लेन्सला थेट चालत नाही, पण ताईनं मधली जोडकडी, म्हणजे अॅडाप्टर, आधीच मागवून ठेवली होती. मी जुन्या लेन्सांसाठी किती वेडी आहे ते तिला पक्कं ठाऊक. मला काढून दे म्हटलं तर म्हणाली, तूच घे, माझे हात ओले आहेत.

घेतली. गार होती, आणि हातात बसली ती अशी, जणू माझ्याच मापाची.

लावली तर कॅमेरा हटून बसला. लेन्सच नाही म्हणे! जुन्या लेन्सला कॅमेऱ्याशी बोलायची सोय नसते ना. मग सेटिंगमध्ये जाऊन 'लेन्सशिवाय शटर चालू' केलं, अठ्ठावन्नचा आकडा हातानं भरला. आता फोकस आपला आपण करायचा. लेन्सवरची कडी फिरवत जायचं, जिथं वस्तू स्पष्ट होते तिथं पडद्यावर तांबडी कड उमटते. मग चित्र दहापट मोठं करून पापणीचे केस मोजायचे, श्वास सोडायचा आणि बटण दाबायचं. निम्मे फोटो फुकट जातात. उरलेले मात्र असे येतात की आपलीच पाठ थोपटावी.

फोटोच्या माहितीत लेन्सच्या नावापुढं नुसत्या दोन आडव्या रेघा येतात. काका म्हणाले, वडिलांचं नाव न लावणारी पोर दिसतेय.

८ एप्रिल

रांग लागतेय! एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. फोटो डोळ्यांपाशी नेला. म्हणाल्या, आरशात दिसते ती कुणीतरी म्हातारी असते, ही मात्र मी आहे. मागचा पडदा लोण्यासारखा विरघळलेला आणि चेहरा असा की सुरकुत्या हाताला लागाव्यात.

ताईच्या अंगावर तेज आलंय. दोन घास जास्त जेवते. काल दूधवाला तिला म्हणाला, ताई, गावाला गेल्या होतात का, बऱ्याच महिन्यांनी दिसलात. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या येण्यानं तिला एवढं बरं वाटतंय, याचं मला फार सुख आहे.

१३ एप्रिल

फोन माझा चेहरा ओळखेना. चारदा तोंड दाखवलं, शेवटी आकडे दाबून उघडला. पडद्यावर धूळ असेल.

मग दुपारी ओळखपत्रासाठी स्वतःचा फोटो काढायला कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला. समोर माणूस आला की कॅमेरा त्याच्या तोंडाभोवती चौकोन काढतो. माझ्याभोवती काढेना. मी डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले, जीभ दाखवली. चौकोन माझ्या मागच्या कॅलेंडरवरच्या बाहुलीवर जाऊन बसला. काकांना सांगितलं तर पोट धरून हसले. मीही हसले.

फोटो हललेला आला. मी हलले नव्हते.

१७ एप्रिल

समोरच्या न्हाव्याच्या आरशांत रस्त्यावरची माणसं दिसतात. सकाळी दुकानासमोरून गेले तेव्हा सहज पाहिलं. मी होते, पण वाफ धरलेल्या काचेतून दिसावं तशी. बाकी सगळं लख्ख. कात्री, कंगवे, गिऱ्हाइकाचा अर्धा भादरलेला कान.

काकांनी आज मला विचारलं, तुम्हाला फोटो काढायचाय का? मी म्हटलं, काका, मी! ते ओशाळले. चष्म्याचा नंबर बदलला असेल, म्हणाले. पण तासाभरानं पुन्हा तसंच विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ का, असं ताईला विचारलं. ती म्हणाली, दगदग होतेय तुला, चिमणे, झोप काढ. केसांतून हात फिरवला. तिचा हात किती गरम झालाय आता.

२० एप्रिल

वेड्यासारखं वाटेल, पण लिहिते. ज्या दिवशी त्या लेन्सनं जास्त फोटो काढते, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जास्त पुसट असते. परवा चाळीस काढले. काल दुकानदारासमोर दहा मिनिटं उभी होते, त्यानं माझ्यामागच्या दोघांना माल दिला. मी काउंटरवर हात आपटला तेव्हा दचकला, आणि तरीही भलतीकडंच बघून बोलला.

लेन्स कपाटात ठेवली. कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. आजपासून बंद.

ताईला सांगितलं. चालेल, एवढंच म्हणाली.

२२ एप्रिल

दोन दिवसांत एकही फोटो काढला नाही, तरी आज माझ्या हाताच्या रेषा मला दिसत नाहीत. बोटांच्या कडा हवेत सांडल्यासारख्या.

काका जेवायला गेले होते. कॉम्प्युटरवर कालचं काम शोधताना एक फोल्डर सापडलं. नाव 'मी'. आत ताईचे फोटो, रोज एक, आरशासमोर उभं राहून काढलेले. दीड वर्षाचे. पहिल्यात ती नीट आहे. मग थोडी पुसट. मग आणखी. या मार्चमध्ये नुसता धुरकट डाग, त्याला ताईचा निळा सदरा.

पाच एप्रिलपासून ती परत येत जाते. रोज थोडी. आठ तारखेला डोळे. तेराला ओठ. सतराला मानेवरचा तीळ.

वीसचाही फोटो होता. एकवीसचाही. एकवीसचे तर साठ होते. माहिती उघडली. लेन्सच्या नावापुढं दोन आडव्या रेघा.

दुसरी किल्ली असते, हे मला सुचलंच नव्हतं. फोटोतल्या आरशात ताईचे हात दिसत होते. दोन्ही हातांत पांढरे सुती हातमोजे.

२३ एप्रिल

विचारलं. तिनं नाकारलं नाही. नाकारायला हवं होतं. मी विश्वास ठेवला असता.

पेटीत लेन्सबरोबर बाबांची वही होती. ताईनं आधी लेन्स उचलली आणि वही मग वाचली. उघड्या हातानं जो उचलील त्याची ती होते, असं त्यात लिहिलंय. ती आपल्या माणसाला पुसत जाते, नुसती ठेवली तरी हळूहळू, वापरली की भराभर. दुसऱ्या कुणी उचलली, की त्याचं काढून आधीच्याला परत देते, पण जो पुरता पुसला गेला तो परत येत नाही. हातमोजे घालून कुणीही वापरली तरी ज्याची आहे त्याचंच जातं. फोडली तर गेलेलं कुणालाच परत मिळत नाही.

मी म्हटलं, म्हणजे हे वाचलंस, आणि मग मला पत्र लिहिलंस.

ती म्हणाली, "मी तुला दिली नाही, चिमणे. तूच उचललीस."

मग रडली. दीड वर्षात कुणी तिला नावानं हाक मारली नव्हती, रस्त्यात माणसं तिच्या अंगावरून जायची, मला ते काय कळणार, असं म्हणाली. मला कळतंय हे तिच्या ध्यानातच नव्हतं. डाव्या कानापाशी अजून जरा पुसट आहे, म्हणाली, तेवढं झालं की थांबते. शपथ घेतली. माझ्या गळ्याची.

वही मी ओढून घेतली. बाबा कुठं गेले नव्हते. तीन वर्षं घरातच होते. आई वाळलेले कपडे ज्या खुर्चीवर टाकायची, त्या खुर्चीत बसायचे. शेवटची नोंद दोनच ओळींची आहे. धाकटीनं आज पुन्हा विचारलं, बाबा कुठं. मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

आम्ही तिघी घरात होतो. लेन्स कुणाच्याही हातात देता आली असती त्यांना. त्यांनी ती पेटीत घालून वरून दोरी बांधली.

आणि मी जन्मभर त्यांना पळपुटा म्हणत आले. ताईसमोर म्हणत आले. दीड वर्ष तिला खरं माहीत होतं, तरी फोनवर ती हो ला हो करत राहिली.

२५ एप्रिल

लेन्स ताईपासून लांब न्यायला गावी निघाले. स्टँडवर खिडकीतल्या माणसाला तिकीट मागितलं. पुन्हा मागितलं. ओरडले. त्यानं पंख्याकडं पाहिलं. बसमध्ये चढले तर एक बाई माझ्या मांडीवर बसायला लागली — किंचाळून उठली — सीट ओली आहे म्हणाली.

परत आले. दुसरीकडं कुठं जाणार?

२६ एप्रिल

काकांच्या टेबलाशी उभी होते. लेन्स टेबलावर. मी त्यांना दिसत नव्हते, ती दिसली. वा, म्हणाले, काय बनवायचे लोक पूर्वी. चष्मा वर केला. हात पुढं केला —

एका क्षणाचं काम होतं. मी गप्प बसले असते तर झालं असतं.

हिसकावून घेतली. काका रिकाम्या टेबलाकडं बघत राहिले. मग पाणी प्यायले. म्हातारा झालो, असं स्वतःशीच म्हणाले.

ताईला हे जमलं नसतं? नुसतं हात मागं घेणं?

२७ एप्रिल

अक्षर मला नीट दिसत नाही. ओळ वाकडी जात असेल.

ताई दिवसभर खाली हसत होती. गिऱ्हाइकांशी. तिचा आवाज — आई गेल्यावर मला झोपवताना काढायची तोच —

माझ्या ताटाची जागा तिनं आज पुसून टाकली. तिथं फोटोंची पाकिटं रचली.

२८ एप्रिल

सकाळ. ऊन आलंय. ताई वर आली. दार वाजवलं नाही.

चिमणे, आहेस का, म्हणाली. आहे म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. तिनं पलंगावरची चादर ओढली, मी बसलेय तीच — घडी केली. किती सुंदर दिसतेय. कान, तीळ, सगळं. काहीही पुसट नाही. तरी हातात मोजे आहेत. तरी आलीय.

मला वाटलं होतं थांबेल. अजूनही वाटत होतं —

लेन्स वहीच्या शेजारी आहे. तिनं पाहिली. वाकली. तिचा श्वास माझ्या हातावर येतोय.

बाबांनी नाही केलं. बाबांनी तीन वर्षं —

उजव्या हाताचा मोजा तिला सैल होतोय. बोटांच्या टोकाशी कापड रिकामं लोंबतंय. चिमटीत धरून ओढला तर तिचं उघडं बोट लेन्सवर —

ताई, मागं हो. ताई, मी इथं आहे, मागं हो, नाहीतर मी

हात खाली येतोय. मी पेन ठेव