पोटाले विचारलं

८ जानेवारी

आलो एकदाचे भिलाईले! नागपूरहून सामानाचा टेम्पो आमच्या आधी निघाला होता, पण राजनांदगावच्या अलीकडे पंक्चर झाला. मग आम्हीच त्याची वाट पाहत बसलो अन् सासूबाईंनी तळलेले मुगाचे वडे खात राहिलो. सोमवारपासून अनिमेष इथल्या कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवणार. मले आत्ताच सातवा लागला.

स्मृति नगरचं हे घर मी लग्नात दोन दिवस पाहिलं होतं, तेवढंच. खाली सासूबाईंचा बाळंतपणाचा दवाखाना, वर घर. गॅलरीत बसलं की खाली ऑटोतून उतरणाऱ्या बाया दिसतात, एक हात कमरेवर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. सासूबाईले सगळी कॉलनी ‘मॅडम’ म्हणते. भाजीवालीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी मले एकच सांगितलं, मी नशीबवान आहे, डॉक्टर घरातच आहे. खरंच आहे.

घरात मोठे दीर दिवाकर, जाऊबाई अनुजाताई अन् त्यांची चार वर्षांची उर्वी. उर्वी सासूबाईले ‘आई’ म्हणते अन् स्वतःच्या आईले ‘अनुजा’. मले हसूच आलं. अनुजाताई फार बोलत नाहीत. जेवताना कोणी त्यांना काही विचारतही नाही.

आईचा गोंदियाहून फोन आला होता. नववा लागला की बाबांना पाठवून मले घेऊन जाणार म्हणे. बाबा रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाले तरी हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय त्यांना करमत नाही. बाळंतपण माहेरी व्हावं, आई उशाशी असावी अन् जमलं तर पोट न कापता व्हावं. मले एवढंच पाहिजे.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. काल हळदीकुंकवाले तीसेक बाया होत्या, निम्म्यांची बाळंतपणं सासूबाईंनीच केलेली. प्रत्येकीचं पोर त्यांच्या पाया पडून गेलं. मले अभिमान वाटला.

चहाच्या आधी सासूबाई मले खाली तपासतात. त्यांचे हात गरम असतात, आधी एकमेकांवर चोळून घेतात. मग मशीन पोटावर ठेवून बाळाशी बोलतात, “काय राजा, झोप झाली का? पोहे खाशील का चिला?” थोडं थांबतात, जसं काही ऐकून राहिल्या, अन् स्वयंपाकघरात निरोप देतात, आज चिला. मले पोहे पाहिजे होते, पण चिलाही मस्त असते इथला. तांदळाचं धिरडंच, वर टमाट्याची चटणी.

२५ जानेवारी

आज मी गोंदियाचा विषय काढला. सासूबाई हसल्या. माहेरी पाठवायची रीत कावून पडली, तर सासरी सुईणसुद्धा मिळत नसे म्हणून. इथं ऑपरेशन थिएटर जिन्याखाली आहे. मी म्हटलं, तरी मले जायचं आहे. त्या माझ्याकडे न पाहता पोटावर हात ठेवून म्हणाल्या, “हा नाही म्हणते.”

सगळे हसले, मीही हसली.

२ फेब्रुवारी

आज दुपारी मी खाली बसली होती. नंदिनी नगरहून करिष्मा नावाची एक बाई आली, दुसरी खेप. कळा सुरू होत्या तरी चालत आली अन् माझ्याशी गप्पा करत भिंतीले धरून फेऱ्या मारत होती. पहिला आपसूक झाला, हाही होईल, संध्याकाळपर्यंत मोकळी होईन, म्हणे. नर्स अन्नपूर्णानंही तपासून मान डोलावली.

सासूबाई आल्या. करिष्माच्या पोटाशी वाकल्या, बोलल्या, थांबल्या, अन् सांगितलं, आत घ्या. करिष्मा म्हणाली, “मॅडम, दर्द अच्छा आ रहा है, थोडा रुक जाइये ना.” सासूबाईंनी तिच्या नवऱ्याले सांगितलं की बाळ घाबरलं आहे. तो लगेच हो म्हणाला. करिष्मा दाराची चौकट धरून ओरडत होती, “मुझे नहीं कटवाना, कोई सुनो तो!” अन्नपूर्णानं तिची बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू, जशी रांगोळीचे ठिपके पुसून राहिली.

मुलगा झाला. पेढे वाटले. मी सासूबाईले विचारलं, ती नको म्हणत होती ना? त्या हात धुता धुता म्हणाल्या, “बाई बोलते ते भीती बोलते, वैभवी. पोट खरं बोलते.”

मी पाहायले गेली तर करिष्मा भिंतीकडे तोंड करून होती. पेढा तसाच उशाशी.

९ फेब्रुवारी

अनिमेषले सगळं सांगितलं. तो चिडला नाही. आईले तीस वर्षं झाले ह्या कामात, मले चार पुस्तकं वाचून काय कळते, म्हणाला. मग मी दुर्गच्या सरकारी दवाखान्याचं काढलं. तिथं माझी शाळेतली मैत्रीण नर्स आहे. तो पहिल्यांदा घाबरलेला दिसला. मॅडमची सून सरकारीत गेली तर उद्या खाली कोण पाय ठेवील?

हे बोलताना तो माझ्या पोटावर हात फिरवत होता. शेवटी खाली वाकून म्हणाला, “मम्मी को समझाओ बेटा.”

आजकाल सगळेच असं करतात. दिवाकर भाऊजी ऑफिसले निघताना पोटाले बाय म्हणतात. उर्वी पोटाले विचारून टीव्ही लावते. मी उत्तर दिलं तर थांबून राहतात, मग पुन्हा पोटालेच विचारतात.

१२ फेब्रुवारी

सॅंडलचा पट्टा तुटला असं सांगून अनुजाताईसोबत बाहेर पडली अन् दुर्गच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईकडे गेली. चांगली वाटली. माझ्या तोंडाकडे पाहून बोलली, म्हणाली सगळं नीट आहे, कापायची गरज दिसत नाही. मले रडूच आलं. मग तिनं विचारलं, राहता कुठं? मी सांगितलं.

तिनं पेन खाली ठेवलं. “अरे, आप मॅडम की बहू हैं!” माझ्यासमोरच तिनं फोन लावला. नंतर तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

घरी आलो तर सासूबाईंनी आल्याचा चहा करून ठेवला होता. रागावल्या नाहीत. माझ्यासमोर बसल्या, पोटाले म्हणाल्या, “आज दुर्ग फिरून आला म्हणे आमचा राजा. दमला असेल.”

रात्रीच्या जेवणापर्यंत माझा फोन त्यांच्या कपाटात गेला होता. त्यातून निघतं ते पोटाले चांगलं नाही म्हणे.

१६ फेब्रुवारी

सासूबाईंनी स्वतः आईले फोन केला. मी बाजूलेच होती. म्हणाल्या, बाळाची वार खाली सरकली आहे, रेल्वेचा प्रवास केला तर रक्त जाईल, दोघंही हातचे जातील. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की वार वर आहे, सगळं छान आहे. मी जोरात म्हटलं, “आई, खोटं आहे हे!” आईनं ऐकलं असेल. ती म्हणाली, “बाळा, त्या डॉक्टर आहेत.”

२३ फेब्रुवारी

डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच प्रकारचे भात. बाया एकेक करून येतात, वाकतात, पोटाशी बोलतात, घास माझ्या तोंडात घालतात. मी म्हटलं, पाणी द्या. पुढचा घास आला. मी म्हटलं, पाणी. पुढचा घास. ठसका लागला तेव्हा एक काकू पोट चोळत म्हणाल्या, “हळू रे, हळू.”

पाणी अनुजाताईंनी आणलं. त्यांनी पेला माझ्या हातात दिला. हातात! किती दिवसांनी.

२७ फेब्रुवारी

आज अनुजाताई बोलल्या. सासूबाई खाली ऑपरेशनमध्ये होत्या, आम्ही दोघीच मेथी निवडत होतो.

उर्वीच्या वेळी त्यांना साधं तपासायले म्हणून खाली नेलं होतं. जाग आली तेव्हा उर्वी पाळण्यात. तिच्यानंतर दोन वर्षांनी त्या सासूबाईले म्हणाल्या, आता दुसरं होऊ द्यावं का? सासूबाई म्हणाल्या, “कुठं होऊ देशील? पिशवी तेव्हाच काढली.” रक्त थांबत नव्हतं म्हणे. दिवाकर भाऊजींना माहीत होतं. अन्नपूर्णाले माहीत होतं. भांडेवालीलेही माहीत होतं.

मी विचारलं, तुम्ही भांडल्या नाही? त्या म्हणाल्या, “सहा महिने ओरडून राहिली होती मी. ह्याच घरात. मग मलेच वाटायले लागलं, की आपला आवाजच निघत नाही.”

नंतर त्या मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाल्या, दुपारी गोंदियाची लोकल असते.

१ मार्च

इस्त्रीवाला कपडे द्यायले आला. म्हणाला, “बधाई हो भाभी, गुरुवार को ना?”

मले कळेना. शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांनाही माहीत. भय्याजी म्हणून घरचे ज्योतिषी आहेत, त्यांनी मुहूर्त काढला, सासूबाईंनी थिएटर मोकळं ठेवलं, हलवायाले सांगून झालं. दिवस भरायले अजून महिना आहे.

मी सासूबाईले म्हटलं, मले कावून नाही विचारलं? खरंच नवल वाटलं त्यांना.

“विचारलं की,” म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या पोटावर होता.

३ मार्च

लिहून ठेवते.

सासूबाई थिएटरमध्ये गेल्या अन् आम्ही निघालो. अनुजाताईंनी फक्त पर्स घेतली. ऑटो, दुर्ग स्टेशन, तिकीट, सगळं झालं. लोकल लागली होती. पाय पायरीवर ठेवला अन् मागून कोणी दंड धरला. अनिमेष. हातात माझी शाल अन् पाण्याची बाटली. अन्नपूर्णानं गॅलरीतून आम्हाले पाहिलं होतं.

मी ओरडली. मले नाही यायचं, मले ह्यांच्यापासून सोडवा. सगळा प्लॅटफॉर्म पाहून राहिला होता. अनिमेष लोकांना म्हणाला, नववा महिना है, वार नीचे है, सुनती नहीं. एक म्हातारी मले म्हणाली, “घर जा बेटी, कितना अच्छा आदमी है.” टीसीबाई म्हणाली, ऐसी हालत में चढ़ने नहीं देंगे. अनिमेषनं अन् तिनं काखेत हात घातले. मी ओरडतच होती अन् कोणीतरी पोटाकडे पाहून म्हणालं, “ओहो, रोता नहीं बाबू.”

गाडी हलली. अनुजाताई दारात उभ्या होत्या. आत.

त्या उतरल्या नाहीत.

संध्याकाळी जेवण झालं. पाच ताटं. अनुजाताई कुठं आहेत, कोणी विचारलं नाही. उर्वीनंही नाही.

४ मार्च

मले खाली ठेवलं आहे. करिष्माचीच खाट.

अनिमेष बाहेर फोनवर बोलून राहिला होता. “अनुजा वहिनी तुमच्याकडे? … नाही आई, त्यांचं डोकं जरा … नाही, सकाळच्या गाडीनं कशाले येता …”

म्हणजे पोहोचल्या. सांगितलं त्यांनी. आई येऊन राहिली! सकाळच्या गाडीनं. आई, लवकर —

५ मार्च

बुधवार आहे. गुरुवार नाही. मी अन्नपूर्णाले सांगितलं, आज बुधवार आहे.

मॅडमनी आजच घ्यायले सांगितलं म्हणे. मुहूर्त राहू द्या.

कळा नाहीत. काहीच नाही. बाळ निजलं आहे —

बाहेर आई. आईचा आवाज! अनुजाताईंचाही. केवढा मोठा आवाज आहे त्यांचा, सगळा दवाखाना — “तिले विचारा! आधी तिले विचारा!”

सासूबाई बाहेर गेल्या. दार लावलं.

अन्नपूर्णा सुई घेऊन. मी म्हटलं, नको. पोटाकडे नको पाहू, इकडे पाहा. नहीं चाहिए मुझे. मेरी माँ आ गई, उससे पूछ लो.

तिनं पाहिलं. माझ्या तोंडाकडे, डोळ्यात. तिचे डोळे भरले. म्हणाली, “सुनत हंव बहिनी. रोज सुनथंव.”

ऐकू येते. तिले सगळं — त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर — सगळ्यांना, सगळ्यांना ऐकू —

तिनं डोळे पुसले अन् माझा डावा हात सरळ केला. सुई —

जड होऊन राहिलं. आई दारावर हात मारून राहिली. माझं नाव. वैभवी, वैभवी म्हणून —

आई मी इथं आहे मी नाही म्हटलं होतं सांग त्यांना मी ना